दात कोणाचे, चावा कोणाचा

भारतीय कायद्यात दाताचे दोन भाव आहेत. भांडणात कोणी तुमचा दात पाडला, तर ती ‘गंभीर दुखापत’. 1860 च्या दंडसंहितेतल्या कलम 320 मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिले होते. त्यातला सातवा हाड किंवा दात मोडण्याचा, निखळण्याचा. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये तो जसाच्या तसा उतरला आहे. मांडीचे हाड आणि पटाशीचा एक दात कायद्याच्या एकाच पंगतीला जेवतात. पण त्याच दाताने कोणी कडकडून चावा घेतला तर? एप्रिल 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे असेच एक प्रकरण होते. नात्यातल्या बाईने भांडणात चावा घेतला अशी फिर्याद, आणि कलम लावलेले धोकादायक हत्याराने दुखापत केल्याचे. न्यायालयाने गुन्हा रद्द केला. माणसाचे दात हे धोकादायक हत्यार होऊ शकत नाही, असे कारण दिले. सर्वोच्च न्यायालय 2004 मध्ये एका बोट चावल्याच्या खटल्यात असेच म्हणाले होते.

हत्यार म्हणून नापास झालेला हा दात साक्षीदार म्हणून मात्र पावणेदोनशे वर्षे न्यायालयांत उभा आहे. त्याची साक्ष दोन प्रकारची असते. मेलेला माणूस कोण, हे त्याच्या तोंडातले दात सांगतात. आणि जिवंत किंवा मृत देहाच्या कातडीवर उमटलेला चावा कोणाचा, हेही दात सांगतात, असा दावा केला जातो. पहिली साक्ष भक्कम आहे. दुसरीने निरपराध माणसांना फाशीच्या कोठडीपर्यंत नेले आहे. दोन्ही साक्षी देणारा तज्ज्ञ एकच असतो, त्याची पदवी एकच असते, साक्षीदाराचा पिंजराही तोच. त्यामुळे पहिलीची पत दुसरीला आपोआप मिळत गेली.

*

1849 च्या नोव्हेंबरात बोस्टनमधले डॉ. जॉर्ज पार्कमन घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. पार्कमन म्हणजे शहरातले बडे प्रस्थ. शिक्षणाने डॉक्टर, धंदा जमीनजुमल्याचा आणि व्याजबट्ट्याचा. कर्जवसुलीसाठी पायी फिरणारा, पुढे आलेल्या हनुवटीचा हा उंच माणूस सगळ्यांच्या ओळखीचा होता. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाची नवी इमारत त्यांनीच दिलेल्या जमिनीवर उभी होती. त्या इमारतीत रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक जॉन वेब्स्टर यांच्या डोक्यावर पार्कमनचे कर्ज होते. त्या दिवशी पार्कमन त्यांच्याकडेच गेले होते.

महाविद्यालयाच्या रखवालदाराला संशय आला. त्याने वेब्स्टरच्या प्रयोगशाळेखालची शौचकूपाची भिंत फोडली. आत माणसाच्या शरीराचे तुकडे निघाले. वरच्या भट्टीच्या राखेत हाडांचे कपचे मिळाले आणि चिनी मातीच्या दातांची वितळून वेडीवाकडी झालेली एक पट्टी. डोके नव्हतेच. बचाव पक्षाचा सवाल रोकडा होता: वैद्यकीय महाविद्यालयात प्रेताचे तुकडे सापडले तर त्यात नवल काय, आणि ते पार्कमनचेच कशावरून?

मार्च 1850 मध्ये खटला उभा राहिला तेव्हा सरकार पक्षाने नेथन कीप नावाच्या दंतवैद्याला बोलावले. 1846 मध्ये पार्कमनची कवळी त्यानेच केली होती. महाविद्यालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन नोव्हेंबरात होते आणि त्या समारंभाला दात हवेतच असा पार्कमनचा हट्ट होता. घाईघाईत कवळी बसवली. मग पार्कमनची तक्रार आली की खालच्या कवळीत जिभेला जागा पुरत नाही. कीपने कवळीची आतली बाजू छोट्या चाकावर घासून दिली. भट्टीतून निघालेल्या त्या पट्टीवर ही घासल्याची खूण अजून होती. कीपने पार्कमनच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा टाकून दिलेला नव्हता. त्याने भर न्यायालयात तो साचा काढला आणि जळकी पट्टी त्यावर बसवून दाखवली. दाखवता दाखवता त्याला रडू फुटले. वेब्स्टरही त्याच्या ओळखीचेच होते.

कीपने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आजही शिकवण्यासारखी आहे. हे दात सुटे भट्टीत टाकले असते तर आतल्या ओलाव्यामुळे तडकून फुटले असते. ते डोक्यासकट आत गेले असावेत, म्हणून एवढे तरी टिकले.

बचाव पक्षाने कोणाला आणावे? विल्यम मॉर्टनला. चारच वर्षांपूर्वी इथरची भूल जाहीरपणे देऊन जगभर नाव कमावलेला हा माणूस पेशाने दंतवैद्यच. तो म्हणाला, अशी पट्टी दुसऱ्या एखाद्या जबड्यालाही बसू शकेल. पंचांनी कीपचे ऐकले. 30 ऑगस्ट 1850 रोजी वेब्स्टर फासावर गेले; त्याआधी त्यांनी कबुलीही दिली होती.

या खटल्याची गोष्ट सांगताना दातांचे कौतुक होते, साच्याचे होत नाही. कीपने काम झाल्यावर तो प्लास्टरचा गोळा फेकून दिला असता, आणि बहुतेक दंतवैद्य फेकूनच देतात, तर तीच पट्टी मुकी राहिली असती. मॉर्टनचा आक्षेप एरवी चुकीचा नव्हता. तो या एका पट्टीपुरता कोसळला, कारण समोर नोंद होती.

पॅरिसमध्ये 4 मे 1897 रोजी हेच घडले, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. उच्चभ्रू स्त्रियांनी धर्मादाय कामासाठी भरवलेल्या बाजारात चलच्चित्र दाखवायची सोय होती. त्या यंत्राच्या इथरच्या दिव्याने पेट घेतला आणि लाकूड-कापडाचा मंडप बघता बघता खाक झाला. 126 माणसे गेली. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांनी दागिन्यांवरून, कपड्यांच्या चिंध्यांवरून बहुतेकांना ओळखले. उरलेल्यांत ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची धाकटी बहीण, आलांसोंची डचेस होती. तिला तिच्या मोलकरणीलाही ओळखता येईना. तेव्हा पॅराग्वेच्या वाणिज्यदूताने सुचवले की दंतवैद्यांना बोलवा. डचेसचा दंतवैद्य डेव्हनपोर्ट आपल्या नोंदी घेऊन आला आणि एकेक प्रेत तपासत गेला. ओळख पटली. पॅरिसमध्येच व्यवसाय करणाऱ्या ओस्कार आमोएदो या क्यूबन दंतवैद्याने पुढच्याच वर्षी न्यायदंतवैद्यकावर ग्रंथ लिहिला. या शास्त्राचा जनक म्हणून आज त्याचेच नाव घेतात. आगीत एकाही मृताची ओळख त्याने स्वतः पटवली नव्हती. मान लिहून ठेवणाऱ्याला मिळाला, आणि या विषयात ते योग्यच आहे.

आपल्याकडे कनोजच्या जयचंदाची कथा सांगतात: चंदावरच्या लढाईत तो पडला आणि त्याचे प्रेत बसवलेल्या दातांवरून ओळखले. अमेरिकेत पॉल रिव्हिअरने स्वतः तारेने बसवून दिलेल्या दातावरून 1776 मध्ये आपल्या मित्राचा, डॉ. जोसेफ वॉरनचा, पुरलेला देह ओळखला. हिटलरच्या बाबतीत मे 1945 मध्ये रशियनांनी त्याच्या दंतवैद्याची मदतनीस केटे हॉयझरमान हिला शोधून काढले. तिने त्याच्या तोंडातले पूल आणि कॅपा आठवणीतून सांगितल्या, मग समोर ठेवलेला जबडा ओळखला. बक्षीस म्हणून तिला सोव्हिएत तुरुंगात टाकले. ती 1955 मध्ये सुटली. स्टालिनला हिटलरचा मृत्यू गुलदस्त्यात ठेवायचा होता आणि ही बाई फार नेमके जाणत होती.

*

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. शवागारात जळालेला देह आला की तोंड उघडणे हीच पहिली अडचण. स्नायू आखडलेले असतात, गाल आणि ओठ करपून ताठ झालेले असतात. घाई केली तर पुढचे दात राखेसारखे विस्कटतात, कारण आगीची झळ त्यांनाच आधी लागते. म्हणून देह हलवण्याआधी त्यांच्यावर पारदर्शक लाखेचा फवारा मारतात. काहीच नसेल तर केसांचा स्प्रेही चालतो. मागच्या दाढा गाल आणि जीभ यांच्या आड सुरक्षित असतात. दाताचे वरचे कवच, इनॅमल, सुमारे 96 टक्के खनिज असते. शरीरात त्याहून कठीण काही नाही. मांस जाते, बोटांचे ठसे जातात, चेहरा जातो, दाढ उरते.

मग दोघे जण बसतात. एक पाहतो आणि बोलतो, दुसरा लिहितो. दातांना जगभर दोन आकडी क्रमांक आहेत: तोंडाचे चार भाग, प्रत्येकात आठ दात. वरची उजवी अक्कलदाढ 18, खालची उजवी पहिली मोठी दाढ 46. ही 46 नंबरची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, आईबापांना ती दुधाचीच वाटते, म्हणून सगळ्यात आधी किडते ती हीच. पाहणारा सांगत जातो: सोळा, चांदी भरलेली, चावायच्या आणि मागच्या बाजूला, पंचवीस, रूट कॅनाल, वर कॅप, छत्तीस, नाही, खाच भरून आलेली. मग दोघे जागा बदलतात आणि सगळे पुन्हा तपासतात. 32 दात, प्रत्येकाच्या पाच बाजू, म्हणजे 160 पृष्ठभाग. त्यावर एक्स-रे. इंटरपोलच्या पद्धतीत ही माहिती गुलाबी फॉर्मवर भरतात. नातेवाइकांकडून आणि डॉक्टरांकडून मिळालेली जिवंतपणीची माहिती पिवळ्या फॉर्मवर. मग गुलाबी आणि पिवळा शेजारी ठेवायचे.

इथला तर्क सुंदर आहे. पिवळ्या फॉर्मवर दाढ आहे आणि गुलाबीवर नाही, तर हरकत नाही. मधल्या काळात काढली असेल. पिवळ्यावर दाढ काढलेली आहे आणि गुलाबीवर ती जागेवर आहे, तर खेळ खलास. काढलेली दाढ परत उगवत नाही. हा देह त्या माणसाचा नाही, बाकी पन्नास गोष्टी जुळल्या तरी नाही. दात मेल्यानंतर पडला की आधी, हेही कळते. जिवंतपणी काढलेल्या दाताची खाच हाडाने भरून येते; मेल्यावर गळलेल्याची खाच कोरी, धारदार काठांची राहते.

गंमत अशी की ज्याचे दात निकोप, त्याची ओळख पटवणे अवघड. जुळवायला काही हाताशीच नसते; मुळांचे वाक आणि वरच्या जबड्यातल्या पोकळीचा आकार एवढ्यावर भागवावे लागते. आणि एखाद्या दंतवैद्याने चांदी भरताना काठाबाहेर सांडलेली असली, तर तपासणाऱ्याला ती एक्स-रेवर सहीसारखी वाचता येते. इंटरपोलने ओळखीची तीन प्रमुख साधने मानली आहेत: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. 2004 च्या त्सुनामीनंतर थायलंडच्या किनाऱ्यावर उन्हापाण्यात राहिलेल्या परदेशी पर्यटकांच्या देहांची ओळख सुरुवातीच्या महिन्यांत सर्वाधिक दातांवरूनच पटली. कारण सरळ आहे. स्वीडनच्या किंवा जर्मनीच्या माणसाची फाइल त्याच्या दंतवैद्याकडे होती. ज्या थाई कोळ्याने जन्मात दंतवैद्याचे तोंड पाहिले नव्हते, त्याचे दात तितकेच शाबूत होते आणि तितकेच निरुपयोगी.

*

दातांचा तिसरा उपयोग वय ठरवण्याचा. तो आपल्या न्यायालयांत रोजचा आहे.

गावाकडच्या कोणत्याही जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडा. अर्ध्या वर्गाचा जन्म 1 जूनचा. गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने घातलेली ही तारीख पुढे नोकरी, पेन्शन, लग्न, सगळीकडे खरी होऊन बसली. गुन्ह्यातला आरोपी अठराच्या आत की बाहेर, पोक्सोच्या खटल्यातली मुलगी अठराची झाली होती की नाही, यावर शिक्षेचा सगळा डोलारा उभा असतो. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये क्रम ठरवून दिला आहे. आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातले काहीच नसेल तर वैद्यकीय चाचणी. म्हणजे गुरुजींची 1 जून अक्कलदाढेच्या वरचढ. दिल्लीच्या 2012 च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या अल्पवयीन आरोपीचे वयही बाल न्याय मंडळाने 28 जानेवारी 2013 रोजी शाळेच्या नोंदीवरूनच ठरवले, हाडांची चाचणी न घेता.

दातांवरून वय ठरवण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1833 च्या कारखाना कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत बंदी घातली. जन्मनोंदी धड नव्हत्या आणि आईबाप पोटासाठी वय वाढवून सांगत. 1837 मध्ये एडविन सॉण्डर्स या दंतवैद्याने शेकडो मुलांची तोंडे तपासून संसदेपुढे मांडले की वयाची कसोटी उंचीपेक्षा दातांवर अधिक खात्रीने लागते. त्याचे म्हणणे आजही टिकून आहे, पण फक्त लहान मुलांपुरते. सहा ते चौदा या वयात एकाच वेळी अनेक दात घडत असतात, त्यामुळे अंदाज बराच नेमका येतो. सोळाच्या पुढे तोंडात घडायचा एकच दात उरतो, अक्कलदाढ. ती सतराव्या वर्षी येईल, पंचविसाव्या वर्षी येईल, येणारही नाही. कायद्याची अठराची रेघ नेमकी अशा जागी पडली आहे जिथे दात सर्वांत लहरी आहे. दातांच्या वाढीचे टप्पे पाहण्याची डेमिर्जियान यांची 1973 ची पद्धत फ्रेंच-कॅनेडियन मुलांवर बेतलेली होती. भारतीय मुलांसाठी तिची सूत्रे नंतर आपल्याकडच्या संशोधकांनी नव्याने बांधली. आणि सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच मान्य केले की क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरावी. सतरा वर्षे सांगणारा अहवाल म्हणजे पंधरा किंवा एकोणीससुद्धा.

म्हणून ही चाचणी काठावरच्या माणसाला नीट न्याय देत नाही, दूरच्याला देते. एप्रिल 2009 मध्ये आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात मुंबई हल्ल्यातल्या अजमल कसाबच्या वकिलांनी तो अठराच्या आतला असल्याचा मुद्दा काढला. न्यायालयाने हाडांची आणि दातांची तपासणी करवली. डॉक्टरांनी वय विसाच्या वर सांगितले आणि तो मुद्दा तिथेच संपला.

*

आता चाव्याकडे.

जानेवारी 1978 मध्ये फ्लोरिडात विद्यार्थिनींच्या वसतिगृहात शिरून टेड बंडीने दोघींचा खून केला. एकीच्या अंगावर चाव्याची खूण होती. पुढच्या वर्षी मायामीत चाललेला खटला टीव्हीवर दाखवला गेला आणि रिचर्ड सुविरॉन नावाच्या दंतवैद्याने चाव्याचा मोठा केलेला फोटो लावून त्यावर बंडीच्या वेड्यावाकड्या दातांचा ठसा पारदर्शक कागदावरून बसवून दाखवला. अमेरिकेने तो पाहिला. बंडी गुन्हेगार होताच. त्याविषयी कोणाला शंका नाही. पण त्या एका दृश्याने चाव्याच्या साक्षीला जे वलय मिळाले, त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

रे क्रोन हा ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातला टपाल खात्याचा माणूस. आधी हवाई दलात होता, गुन्ह्याची एकही नोंद नाही. डिसेंबर 1991 मध्ये तो जात असे त्या बारमधल्या एका बाईचा खून झाला. देहावर चाव्याच्या खुणा होत्या. पोलिसांनी क्रोनला फोमच्या कपाचा चावा घ्यायला लावला. त्याचा एक पुढचा दात वाकडा, बाहेर आलेला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वाकड्या दाताचा खुनी’ करून टाकले. सरकारी तज्ज्ञाने ज्युरीला व्हिडिओ दाखवला, ठसा जुळतो म्हणून ठामपणे सांगितले. 1992 मध्ये मृत्युदंड. तो व्हिडिओ बचाव पक्षाला ऐन वेळी दिला या कारणाने निकाल फिरला, पण 1996 मध्ये दुसऱ्या ज्युरीने त्याच चाव्यावर त्याला पुन्हा दोषी धरले. या वेळी न्यायाधीशांनाच शंका आली आणि त्यांनी फाशीऐवजी जन्मठेप दिली. 2002 मध्ये मृत बाईच्या कपड्यांवरच्या लाळेची आणि रक्ताची डीएनए चाचणी झाली. ती बारजवळच राहणाऱ्या, लैंगिक गुन्ह्यात आधीच तुरुंगात असलेल्या दुसऱ्याच माणसाशी जुळली. क्रोन दहा वर्षांनी सुटला. पुढे एका टीव्ही कार्यक्रमाने त्याचे दात सरळ करून दिले.

मिसिसिपीतली दोन प्रकरणे याहून वाईट. 1990 आणि 1992 मध्ये दोन तीन-तीन वर्षांच्या मुलींचे खून झाले. मायकेल वेस्ट या दंतवैद्याने पहिल्यात लेव्हन ब्रुक्सचे आणि दुसऱ्यात केनेडी ब्रुअरचे दात ओळखले. ब्रुअरच्या प्रकरणात त्याने मुलीच्या देहावर एकोणीस चावे मोजले, तेही फक्त वरच्या दातांचे. बचाव पक्षाने आणलेला तज्ज्ञ म्हणाला, हे माणसाचे चावे नाहीतच, पाण्यात पडलेल्या देहावर किड्यांनी केलेल्या जखमा आहेत. हा तज्ज्ञ म्हणजे रिचर्ड सुविरॉन, बंडीच्या खटल्यातला तोच. ज्युरीने ऐकले नाही. ब्रुअरला मृत्युदंड झाला, ब्रुक्सला जन्मठेप. डीएनएमुळे खरा गुन्हेगार सापडला, त्याने दोन्ही खून कबूल केले आणि 2008 मध्ये दोघे निर्दोष ठरले.

चूक कुठे होते? दात वेगवेगळे असतात हे खरे आहे. पण कातडी म्हणजे प्लास्टर नव्हे. ती ताणली जाते, सुजते, काळीनिळी होते, चावताना माणूस हिसका देतो, मेल्यावर देहाची स्थिती बदलते की खूणही सरकते. बफेलो विद्यापीठात मृतदेहांवर केलेल्या प्रयोगांत एकाच दातांच्या साच्याने घेतलेले चावे एकमेकांशी जुळेनात. शिवाय मागच्या दाढा चाव्यात उमटतच नाहीत. पुढचे सहा-आठ दात आणि त्यांच्याही फक्त कडा. चांदी, कॅप, मुळे, म्हणजे मृताच्या ओळखीत जे जे भक्कम होते त्यातले इथे काहीच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2009 मध्ये या साक्षीला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले. 2016 मध्ये अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने त्याहून कडक लिहिले: चावा कोणाचा हे तर सोडाच, समोरची जखम माणसाचा चावा आहे की नाही यावरही तज्ज्ञांचे एकमत होत नाही. त्याच वर्षी टेक्सासच्या न्यायवैज्ञानिक आयोगाने ही साक्ष न्यायालयात आणणे थांबवा अशी शिफारस केली.

याच सुमारास, 5 मे 2017 रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या 2012 च्या प्रकरणात फाशी कायम केली. त्या निकालात चाव्याची साक्ष आहे. पीडितेच्या अंगावरच्या खुणांचे फोटो आणि आरोपींच्या दातांचे साचे धारवाडच्या एसडीएम दंत महाविद्यालयात पाठवले गेले. तिथल्या तज्ज्ञाने किमान तीन चावे राम सिंगचे आणि एक बहुधा अक्षयचा असे मत दिले. न्यायालयाने ते स्वीकारले. तज्ज्ञाने ‘बहुधा’ हा शब्द वापरला, हे त्याच्या सचोटीचे लक्षण आहे. निकालाबद्दल मला शंका नाही. पीडितेचे जबाब होते, सोबतच्या तरुणाची साक्ष होती, डीएनए होते, जप्त केलेला मुद्देमाल होता. चावा काढून टाकला तरी खटला जागचा हलला नसता. पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातले वाक्य खालच्या न्यायालयांत पुढची कित्येक वर्षे दाखला म्हणून वाचले जाते, आणि अमेरिकेत तोवर उभे राहिलेले प्रश्न त्या निकालात विचारलेलेच नाहीत. उद्या एखाद्या जिल्हा न्यायालयात डीएनए नसेल, साक्षीदार फुटला असेल आणि हातात उरेल फक्त चाव्याचा फोटो. तेव्हा 2017 चा दाखला देऊन शिक्षा मागितली जाईल. ती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ चावा निरुपयोगी असा नाही. चाव्यासोबत लाळ येते आणि लाळेत पेशी असतात. ओल्या आणि मग कोरड्या बोळ्याने ती जागा पुसून घेतली की त्यातून डीएनए मिळू शकतो, आणि त्याचे उत्तर ‘बहुधा’ नसते. म्हणून पोलीस ठाण्यात किंवा अपघात विभागात चाव्याची जखम आली की पहिला बोळा, मग मोजपट्टी ठेवून फोटो, आणि त्यानंतर औषधपाणी. आपल्याकडे बहुधा नेमके उलटे होते: परिचारिका कळकळीने जखम स्पिरिटने स्वच्छ पुसते आणि पुरावा कचऱ्याच्या डब्यात जातो. 1 जुलै 2024 पासून सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे. त्या पथकाला दंतवैद्य नसला तरी चालेल, बोळा हवा.

*

12 जून 2025 रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान वसतिगृहावर कोसळले. विमानातल्या 242 जणांपैकी एक वाचला. जमिनीवरचे धरून 260 माणसे गेली. देह ओळखण्यापलीकडे जळालेले होते. नातेवाइकांनी रक्ताचे नमुने दिले आणि ओळख मुख्यतः डीएनएवरून पटवली गेली. न्यायदंतवैद्यांनी तिथेही काम केले, पण बऱ्याच देहांच्या बाबतीत ते डीएनएसाठी दात काढून देण्याचे. दाताच्या आतला गर कवचात बंद असतो, म्हणून आगीतही कधी कधी वापरता येतो. काम मोलाचे होते. तरी पॅरिसमध्ये डेव्हनपोर्टने एका दिवसात जे केले, ते अहमदाबादेत सरसकट करता आले नाही, कारण शेजारी ठेवायला पिवळा फॉर्म भरलेला नव्हता.

आपल्याकडे दंतवैद्याकडची नोंद म्हणजे बहुतेक वेळा पेशंटच्या हाती दिलेले खाकी पाकीट. त्यात एक्स-रे, तो घरी कपाटावर, आणि दोन दिवाळ्यांनी रद्दीत. दवाखान्यातल्या वहीत नाव आणि पैसे. दंत महाविद्यालयांत हा विषय मुखविकृतिशास्त्राच्या पोटात उरकला जातो. स्वतंत्र शिक्षण हवे असेल तर गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैज्ञानिक विद्यापीठासारख्या मोजक्या जागा. अमेरिकेतल्या काही राज्यांत कवळीत मालकाचे नाव घालण्याची कायद्याने सक्ती आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही.

सक्ती होईपर्यंत थांबायचे कारण नाही. या वर्षात दाढेसाठी दवाखान्यात जाल तेव्हा पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे काढला असेल तर त्याची प्रत फोनवर मागून घ्या, घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा, आणि कोणत्या दंतवैद्याकडे जाता ते घरी सांगून ठेवा. आजीची किंवा आजोबांची नवी कवळी करायला टाकाल, तर दंतवैद्याला म्हणा, आतल्या बाजूला नाव घालून द्या. वारीत, कुंभमेळ्यात, तीर्थयात्रेच्या बसमध्ये हीच माणसे जास्त असतात.